शून्याच्या खाली गेलेली सुई

नळ वाहता दिसला की मी उठून बंद करते. खोलीत कोणी नसताना दिवा जळत असला की बटण दाबते. मोजकं पाणी येणाऱ्या घरात वाढलेल्या मुलीला हे कोणी शिकवावं लागत नाही. इंग्लंडात येऊन इतकी वर्षं झाली, तरी सवय गेलेली नाही. याच सवयीने माझ्याकडून नोकरीतली सगळ्यात मोठी चूक करवली, आणि ती चूक मी अगदी व्यवस्थित केली. तारीख घातली, सही केली, कागद फाइलला लावला. आजही ती फाइल डोळ्यांसमोरून हलत नाही. म्हणून संपादकांनी 'तुमच्या कामाबद्दल काही लिहा' म्हटल्यावर बाकीचे गमतीचे किस्से बाजूला ठेवून हीच हकीकत लिहायची ठरवली.

बेसिंगस्टोकला आम्ही आलो ते नवऱ्याच्या आयटीच्या नोकरीमुळे. माझ्या व्हिसावर 'डिपेंडंट' असं लिहिलं होतं आणि तो शब्द मला पहिल्या दिवसापासून टोचत होता. पुण्यात मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून भोसरीच्या एका कारखान्यात टेस्टिंगला होते. इथल्या स्थानिक पेपरात एक चार ओळींची जाहिरात दिसली आणि मी गेले. बिझनेस पार्कच्या काचेच्या इमारती संपतात तिथे, टायरवाला आणि किचन बसवून देणारा यांच्यामध्ये एक पत्र्याचं युनिट होतं. मालकाचं नाव ग्रॅहम. त्याच्या टेबलावर कागदांचा असा ढीग होता की तो बोलताना मला फक्त कपाळ दिसत होतं.

"सोल्डरिंग येतं?" कपाळाने विचारलं.

"येतं. आणि हरवलेला कागदही शोधता येतो."

सोमवारपासून ये, म्हणाला.

आम्ही मोठ्या ताकदीचे रेडिओ अँप्लिफायर दुरुस्त करायचो. ट्रान्समीटरमध्ये तयार होणारा संदेश सुरुवातीला अगदी दुबळा असतो. शेवटच्या टप्प्यात त्याला बळ देऊन अँटेनाकडे पाठवतो तो अँप्लिफायर. लहान ताकदीला ट्रान्झिस्टर पुरतात. मोठ्या ताकदीसाठी दोन हजारच्या दशकातही पुष्कळ ठिकाणी व्हॉल्व्हच होते. घरच्या जुन्या रेडिओतले काचेचे नाजूक व्हॉल्व्ह नव्हेत. आमचे चिनीमाती आणि धातूचे, मोठ्या पेरूएवढे, खालून पंख्याचा झोत मारून थंड ठेवावे लागणारे.

आमची गिऱ्हाइकं दोन प्रकारची. एक प्रयोगशाळांसारखी, पत्र पाठवणारी. दुसरी हौशी, स्वतः यंत्र घेऊन येणारी. वेल्समधून एक गृहस्थ आले होते. अँप्लिफायर पुढच्या सीटवर, त्याला सीट बेल्ट लावलेला, आणि बायको मागे. मी बाईंकडे पाहिलं तर त्या म्हणाल्या, "काळजी करू नका, मला येताना सँडविच मिळालं. अँप्लिफायरला नाही मिळालं."

आता कामाचा गाभा सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. व्हॉल्व्हच्या आत एक तापलेला भाग असतो, तो इलेक्ट्रॉन फेकतो. पलीकडे अॅनोड असतो, त्याच्यावर दोन-अडीच हजार व्होल्ट, तो त्यांना ओढून घेतो. मध्ये दोन जाळ्या असतात. पहिली जाळी तोटीसारखी, किती इलेक्ट्रॉन सोडायचे ते ठरवणारी. दुसरी जाळी म्हणजे स्क्रीन. तिच्यावर साडेतीनशे व्होल्ट ठेवायचे. ती इलेक्ट्रॉनना पुढे खेचते, बहुतेक तिच्या भोकांतून अॅनोडकडे जातात, थोडे तिच्यावरच आदळतात. हे साडेतीनशे म्हणजे साडेतीनशेच हवेत. कमी झाले तर आवाज फाटतो. वाढले तर व्हॉल्व्ह भलताच प्रवाह ओढतो, तापतो आणि मरतो. माझी तिथली सगळी नोकरी एका वाक्यात सांगायची तर ते साडेतीनशे व्होल्ट जागचे हलू न देणं.

आमच्याकडे हे काम माझ्या आधी तीस-पस्तीस वर्षं ट्रेव्हर करत होता. साठीला टेकलेला, उंच, थोडा वाकलेला. चालू यंत्रापाशी गेला की डावा हात आपोआप पँटच्या खिशात. ही स्टाइल नव्हती. दोन्ही हातांनी यंत्राला स्पर्श झाला तर वीज छातीतून जाते, म्हणून एक हात खिशात. यंत्र बंद केल्यावरही आत साठून राहिलेली वीज जमिनीत उतरावी म्हणून तो लाकडी दांड्याची अर्थिंगची काठी एकेका जागी टेकवायचा, मनात तीस आकडे मोजायचा आणि मगच हात घालायचा. आम्हा सगळ्यांना त्यानेच हे शिकवलं. व्हॉल्व्ह चालू करायची त्याची पद्धतही ठरलेली. आधी बराच वेळ कमी ताकदीवर ठेवायचा, सुयांकडे बघत बसायचा, मग हळूहळू वर न्यायचा.

लिहायचा मात्र त्याला मनस्वी कंटाळा. पेन्सिलीने, हाताला लागेल त्या कागदावर, अर्धवट शब्द. ग्रॅहमने मला घेतलं ते याचसाठी. मी महिन्याभरात तपासणीची यादी तयार केली. एकवीस कलमं, प्रत्येकापुढे चौकट, खाली सही. स्क्रीनकडे जाणाऱ्या करंटची एक चौकट होती, पूर्ण ताकदीवर घ्यायची, शून्य ते चाळीस मिलिअँपिअर. गिऱ्हाइकांना ही यादी फार आवडली. ग्रॅहमचं कपाळ सोडून बाकी चेहराही दिसायला लागला.

यादी सुरू झाली त्या पहिल्याच आठवड्यात ट्रेव्हर कागद घेऊन माझ्याकडे आला. माझ्या 'उषा'चं तो 'ऊशा' करायचा आणि तिकडच्या रीतीने प्रत्येकीला 'लव्ह' म्हणायचा.

"ऊशा, लव्ह, कमी ताकदीवर ही सुई शून्याच्या खाली जाते. ते कुठे लिहू?"

"खाली म्हणजे किती?"

"मीटर शून्यालाच संपतो. सुई खिळ्यावर जाऊन टेकते. किती ते देव जाणे."

"मग शून्य लिही."

"पण ते शून्य नाहीये."

"ट्रेव्हर, चौकट एवढीशी आहे. निबंधाला जागा नाही. आणि मोजायचं पूर्ण ताकदीवर आहे, तिथे येतंय ना बरोबर?"

"तिथे येतंय."

"झालं तर."

"येस, हेडमिस्ट्रेस," म्हणून त्याने चौकटीच्या कडेला शून्य लिहिलं, आणि पुढेही प्रत्येक यंत्राला तसंच लिहीत गेला. मीही हसले. सुई खाली का जाते, हा प्रश्न मला पडला नाही. मीटर जुना असेल, असं मी गृहीत धरलं.

पुढे एडिनबराच्या एका प्रयोगशाळेचा अँप्लिफायर आमच्याकडे आला. स्क्रीनचे व्होल्ट स्थिर ठेवणारं त्याचं सर्किट जुनं झालं होतं, ते मी नव्याने केलं. तळहातावर मावेल असं सुबक बोर्ड. मला त्याचा अभिमान होता, आणि बोर्ड म्हणून ते चांगलंच होतं. जुन्या सर्किटात एक जाडजूड तपकिरी रेझिस्टर होता, स्क्रीनच्या तारेपासून थेट जमिनीकडे जोडलेला. यंत्र चालू असेपर्यंत तो नुसता तापायचा. त्याच्या उष्णतेने शेजारचा पत्रा काळा पडला होता. मला तो वाहता नळ दिसला.

विचारलं मी, खोटं कशाला सांगू. ट्रेव्हरलाच विचारलं, "हा कशासाठी आहे?"

"तो असतोच तिथे."

"हो, पण कशासाठी?"

त्याने मान खाजवली. "मला नीट सांगता नाही यायचं. पण मी पाहिलेल्या प्रत्येक चांगल्या यंत्रात असतो."

'असतोच' हे मला कारण वाटलं नाही. मी रेझिस्टर काढला आणि चौदाव्या कलमापुढे लिहिलं, 'निरुपयोगी रेझिस्टर काढला, उष्णता कमी झाली.' खाली सही. यादीप्रमाणे लगेच पूर्ण ताकदीवर नेऊन तीनदा तपासणी केली. तिन्ही वेळा साडेतीनशे व्होल्ट, तसूभर हलले नाहीत.

ट्रेव्हर व्हॅनमधून यंत्र एडिनबराला घेऊन गेला, बसवून आला. निघताना त्याने तिथल्या लोकांना सांगितलं, रोज सकाळी आधी अर्धा तास कमी ताकदीवर ठेवा, मग वाढवा. चौथ्या दिवशी व्हॉल्व्ह जळाला. ट्रेव्हर दुसरा घेऊन गेला. या वेळी तो स्वतः समोर बसून कमी ताकदीवर सुया बघत होता आणि त्याच्या डोळ्यांदेखत दुसरा व्हॉल्व्हही गेला. फट्ट आवाज झाला आणि वास आला, एवढंच त्याने परत आल्यावर सांगितलं. प्रयोगशाळेचं पत्र फॅक्सने त्याच्या आधी पोचलं होतं. तुमचा माणूस तुमच्याच छापील पद्धतीप्रमाणे यंत्र चालवत नाही, उगाच कमी ताकदीवर रेंगाळत ठेवतो, असं त्यात होतं.

असा व्हॉल्व्ह आता एकच उरला होता. पुरवठादाराकडे पुढचा यायला कित्येक महिने. तो गेला असता तर प्रयोगशाळेचं वर्षाचं काम अडलं असतं आणि ते गिऱ्हाईक आमच्याकडे पुन्हा आलं नसतं. ग्रॅहमने आम्हा दोघांना बोलावलं.

"ऊशा, कागद काय सांगतात?"

मी कागद मांडले. "यादीप्रमाणे चालवलं तेव्हा तिन्ही वेळा चाललं. कमी ताकदीवर ठेवलं तेव्हा दोन्ही वेळा गेलं."

यातला शब्दन् शब्द खरा होता. आज तेच सगळ्यात भयंकर वाटतं.

ट्रेव्हर म्हणाला, "मी नेहमीसारखंच हळू नेलं. सुई खिळ्यावर टेकलेली होती."

ग्रॅहमने एडिनबराला भरलेला कागद ट्रेव्हरकडे वळवला. "इथे शून्य आहे. तुझं अक्षर आहे ना हे?"

"माझंच."

"मग खिळा कुठून आला?"

ट्रेव्हरने माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं. मला तो चौकटीवरचा संवाद आठवला नाही असं नाही. आठवला. पण त्याचा याच्याशी काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही.

ग्रॅहम वाईट माणूस नव्हता. तो शांतपणे म्हणाला, "ट्रेव्हर, सोमवारपासून तू पॅकिंग बघ. हाय व्होल्टेजचं काम ऊशा करेल."

"फेअर इनफ," ट्रेव्हर म्हणाला. बाहेर गेला, अर्थिंगची काठी तिच्या हुकाला लावली आणि एप्रन काढून घडी घातली. पॅकिंगमध्ये तो आठ दिवस राहिला. मग त्याने कळवलं की उरलेली रजा घेतो आणि रजा संपली की घरूनच निवृत्त होतो. तीन आठवडे शिल्लक होते. निरोपाचं कार्ड आणायचं माझ्याच यादीत होतं. मी आणलंही, सगळ्यांच्या सह्याही घेतल्या.

त्या तीन आठवड्यांतल्या पहिल्या शुक्रवारी इल्फर्डहून डॉक्टर साळुंखे आले. डॉक्टर म्हणजे चाळीस वर्षं पूर्व लंडनमध्ये जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, म्हणून काढलेले, आता निवृत्त, आणि रेडिओचे हाडाचे हौशी. आमची ओळख मंडळाच्या गणपतीतली. त्यांनी स्वतः बांधलेला अँप्लिफायर आणला होता, पंख्याचा आवाज वाढला म्हणून.

"उषा, आधी चहा नको. आधी पेशंट बघ," म्हणून त्यांनी झाकण उघडलं.

पंखा सोपा होता. बेअरिंग बदललं, यंत्र चालू केलं. माझं लक्ष त्यांच्या स्क्रीनच्या मीटरकडे गेलं. त्याचं शून्य डाव्या टोकाला नव्हतं, बरोबर मधोमध होतं.

"डॉक्टर, हे असलं मीटर का लावलंत?"

"मग कसलं लावणार? करंट दोन्ही बाजूंना जातो ना."

"स्क्रीनचा?"

"अगं, स्क्रीनचाच! तू इथे हेच काम करतेस ना, की नुसते बिस्किटांचे डबे उघडतेस? थांब, ताकद थोडी कमी करतो. आता बघ."

सुई मधून निघाली आणि सावकाश डावीकडे गेली. उणे बारा मिलिअँपिअर.

"म्हणजे काय होतंय?" मी विचारलं.

"कॅरम खेळली आहेस ना? स्ट्रायकर जोरात मारला तर एकाच्या धक्क्याने दोन-तीन सोंगट्या उडतात. तसंच आहे. एक इलेक्ट्रॉन स्क्रीनवर जोरात आदळतो, तिच्यातलेच दोन उडवतो, ते अॅनोडकडे पळतात. एक आला, दोन गेले. म्हणजे स्क्रीन घेण्याऐवजी उलट द्यायला लागली. कमी ताकदीवर हे सर्रास होतं, टोटली नॉर्मल. फुल पॉवरला आदळणारेच इतके असतात की मग परत घ्यायला लागते."

"आणि ते परत आलेलं जातं कुठे?"

डॉक्टरांनी पेन्सिलीचं टोक यंत्राच्या कोपऱ्याकडे नेलं. तिथे एक जाडजूड तपकिरी रेझिस्टर होता, स्क्रीनच्या तारेपासून थेट जमिनीकडे जोडलेला. "हा पितो. बाकी काही करत नाही बापडा. पण परत आलेलं कुणीतरी प्यायला नको का? नाहीतर व्होल्टेज चढेल, चढलं की करंट वाढेल, करंट वाढला की आणखी चढेल. राम नाम सत्य है."

मी बेंचची कड धरून त्या तपकिरी रेझिस्टरकडे वाकून पाहिलं.

"अगं, बस. बस आधी," डॉक्टर म्हणाले. "चेहरा बघ तुझा. काय झालं?"

"मी तो काढला, डॉक्टर."

"काय काढलंस?"

"हा. एडिनबराच्या यंत्रातला. निरुपयोगी म्हणून."

डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास आणून हातात दिला आणि शेजारी उभे राहिले.

वाचकांना समजावं म्हणून सोपं करून सांगते. इमारतीच्या गच्चीवर टाकी आहे. खालून पंप तिच्यात पाणी चढवतो आणि पातळी बरोबर झाली की थांबतो. माझं सुबक बोर्ड म्हणजे असा पंप. पातळी कमी झाली तर तो भर घालू शकत होता. पण दुसऱ्याच कुठल्या वाटेने टाकीत पाणी यायला लागलं तर ते बाहेर काढणं त्याच्या हातात नव्हतं. त्यासाठी टाकीच्या बुडाला एक नळ कायम थोडा उघडा ठेवलेला होता. मी तो वाहता पाहिला आणि बंद केला. यादीप्रमाणे सरळ पूर्ण ताकदीवर गेलं की उलटं पाणी येतच नसे, म्हणून माझ्या तिन्ही तपासण्या उत्तम झाल्या. ट्रेव्हर नीट काम करायचा, हळू न्यायचा, म्हणून त्याच्या पद्धतीने चालवताना व्हॉल्व्ह जळले. पहिल्याला उलटं पाणी आधी थोडं येत असावं, म्हणून तो तीन दिवस तगला. आणि हे होणार असल्याची खूण, ती खिळ्यावर टेकलेली सुई, त्याने मला काही महिने आधी आणून दाखवली होती. मी त्याला शून्य लिहायला लावलं होतं.

सोमवारी सकाळी मी ग्रॅहमला सगळं सांगितलं. तो म्हणाला, दाखव. आम्ही भंगारातला एक थकलेला व्हॉल्व्ह घेतला, माझ्या बोर्डासारखंच दुसरं बोर्ड जोडलं आणि स्क्रीनवर व्होल्टमीटर लावला. कमी ताकदीवर चालू केलं. साडेतीनशे. मी मनात म्हणत होते, हलू नको, कदाचित माझी चूक नसेल. तीनशे साठ. तीनशे ऐंशी. चारशे तीस. मग आकडे वाचताच येईनात इतक्या वेगाने पळायला लागले आणि ग्रॅहमने लाल बटणावर मूठ मारली.

मी अठरा वर्षं टेस्टिंगमध्ये होते, पण एखादं यंत्र असं डोळ्यांसमोर वेडं होताना पाहिलं नव्हतं. तेही मी दुरुस्त केलेलं.

"चौदाव्या कलमावर सही कोणाची आहे?" ग्रॅहमने विचारलं.

"माझी."

"ट्रेव्हरला कोण सांगणार?"

"मीच."

फोनवर सांगायचं धाडस झालं नाही, आणि ते बरंही दिसलं नसतं. शनिवारपर्यंत थांबायला मात्र नको होतं. ग्रॅहमनेच मला तिथल्या तिथे गाडीची किल्ली दिली. ट्रेव्हर दहा मैलांवरच्या एका खेड्यात एकटाच राहायचा. सकाळचे अकरा वाजले असतील. तो गॅरेजमध्ये झाडू मारत होता. त्याच्या गॅरेजची कीर्ती मी ऐकून होते. चाळीस वर्षांत बांधलेली यंत्रं, मीटर, सुटे भाग, भिंतभर फळ्या. फळ्या होत्या. त्यांच्यावर काहीच नव्हतं. धुळीत चौकोनी ठसे तेवढे राहिले होते.

"ट्रेव्हर, सामान कुठे गेलं?"

"रेडिओ क्लबच्या विक्रीत दिलं सगळं. परवाच आले घेऊन जायला." तो झाडूवर टेकला. "हाताचा भरवसा गेला की माणसाने हाय व्होल्टेजपासून लांब राहावं, लव्ह. दोन मारले मी. तिसऱ्या वेळी व्हॉल्व्ह नसता, माणूस असता."

मी सांगायला सुरुवात केली. रेझिस्टर, उलटा करंट, डॉक्टरांचं मीटर, सकाळची तपासणी. मी घरून मुद्दे लिहून आणते नेहमी, त्या दिवशी कागद नव्हता आणि माझं बोलणं पुढेमागे होत होतं. त्याने मध्ये एकदाही अडवलं नाही. मी थांबल्यावर म्हणाला, "म्हणजे सुई खरंच खिळ्यावर होती?"

"हो."

"मी पाहिलं ते बरोबर होतं?"

"अगदी बरोबर होतं."

तो रिकाम्या फळीवर बसला. बराच वेळ झाडूच्या दांड्यावरची साल नखाने काढत राहिला.

"मी चष्मेवाल्याकडे जाऊन आलो," तो म्हणाला. "म्हटलं, मला सुई खिळ्यावर दिसते आणि कागदावर तर शून्य आहे, माझ्याच अक्षरात. तर डोळे गेले असणार. त्याने तपासलं आणि सांगितलं, नजर ठणठणीत आहे. मग म्हटलं, डोळे नाही, तर डोकं. माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. नसलेल्या गोष्टी दिसायच्या. उद्या डॉक्टरची वेळ घेतली आहे."

जागा गेली, मान गेला, हे धरून मी आले होते. त्यासाठी माफीची वाक्यं जुळवत गाडी चालवली होती. एक माणूस आठवडाभर या खेड्यात एकटा बसून आपलं डोकं फिरत चाललंय याची खात्री करून घेत होता आणि ते माझ्या स्वच्छ, नीट आखलेल्या कागदामुळे, हे माझ्या कल्पनेतही नव्हतं. माझ्या तोंडून फक्त "सॉरी, ट्रेव्हर" एवढंच निघालं. ते किती अपुरं आहे ते मला कळत होतं.

"तिसरा व्हॉल्व्ह कुठे आहे?" त्याने विचारलं.

"डब्यात."

"कोणी लावू नका. उद्या साडेआठला येतो." मग जरा थांबून, "डॉक्टरला फोन करून वेळ रद्द करतो आधी."

तो आला. ग्रॅहमने सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली आणि मी सगळ्यांसमोर चूक कोणाची ते सांगितलं. रेझिस्टर परत बसवला. एडिनबराला या वेळी आम्ही दोघं गेलो. व्हॉल्व्ह पुढे कित्येक वर्षं चालला. ट्रेव्हरने निवृत्ती मागे घेतली आणि आणखी दोन वर्षं काम केलं. मी आमच्या बेंचवरचे सगळे मीटर बदलून मधोमध शून्य असलेले लावले. यादीत कमी ताकदीच्या चौकटी आल्या आणि शेवटी एक मोठी रिकामी जागा आली, 'विचित्र दिसलेलं काहीही' लिहायला. कोणत्याही भागाला निरुपयोगी म्हणायच्या आधी तो काय करतो हे लिहिता आलं पाहिजे, असंही एक कलम घातलं. ती यादी आजही तिथे वापरतात असं ऐकते. धंद्याच्या दृष्टीने सगळं ठीक झालं.

पण त्या दोन वर्षांत ट्रेव्हरने एकही आकडा एकट्याने लिहिला नाही. सुई स्थिर झाली की तो मला हाक मारायचा, "ऊशा, एक मिनिट ये, लव्ह." मी हातातलं काम ठेवून जायची, आकडा वाचायची, मग तो लिहायचा. पहिले काही महिने मला वाटलं, तो मला धडा देतोय आणि तो मला मिळायलाच हवा. नंतर कळलं की तसं काही नाही.

एकदा मी मुद्दाम गप्प राहिले. यंत्र पूर्ण ताकदीवर होतं, सुई अठरावर खिळल्यासारखी उभी होती, दारातूनही दिसली असती.

"तूच सांग ना," मी म्हटलं.

त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. डावा हात खिशात ठेवून मीटरपाशी वाकला आणि पुष्कळ वेळ बघत राहिला.

"अठरा," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "अठराच ना?"

"हो, ट्रेव्हर. अठराच."

तेव्हा कुठे त्याने पेन्सिल उचलली.